‘थांबा’ म्हणणारं बटण

आमच्या ऑफिसात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे बटणताई म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, ही काहीतरी चेष्टा आहे. सुरुवातीला चेष्टाच होती. आमच्याकडे ॲप तपासणारा एक जण आहे. दुसऱ्याच्या कामात खुसपटं काढण्याचाच तो पगार घेतो, म्हणून त्याचं नाव खुसपट. एका मीटिंगमध्ये ताई एका बटणाच्या राखाडी रंगावर इतका वेळ बोलली, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, “बटणताई, डबे उघडू द्या आता.” नाव चिकटलं ते चिकटलंच. ती मात्र रागावली नाही. म्हणाली, “चालेल. सुताराला सुतार म्हटलं तर तो थोडाच रुसतो?”

मोबाइलच्या पडद्यावर बटण दिसायला एक असतं, पण ते एक नसतं. कधी ते दाबायला तयार असतं, कधी बोटाखाली असतं, कधी आतलं काम चालू असतं म्हणून थांबलेलं असतं आणि कधी दाबूच देत नाही. हे प्रत्येक रूप वेगळं दिसावं लागतं. मी हे कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. ताईने या रूपांना घरातली नावं ठेवली होती: जागं, दाबलेलं, कामात आणि रुसलेलं. महिन्याभरात आम्ही सगळेच तशी भाषा बोलायला लागलो. गिऱ्हाइकासमोरसुद्धा कोणाच्या तरी तोंडून निघून जायचं, “सर, ते बटण सध्या रुसलंय.”

रुसलेल्या बटणाबद्दल तिचा एक कायदा होता. “घरात कोणी रुसलं तर आपण विचारतो ना, काय झालं म्हणून? मग बटण रुसलं तर त्याने आपणहून सांगायला हवं. तारीख निवडली नाही म्हणून रुसलोय. नंबर अर्धाच टाकला म्हणून रुसलोय. नुसतं तोंड फुगवून बसायचं असेल तर त्याला म्हणावं, माहेरी जा.”

तिचं टेबल खिडकीशी होतं. आमचं ऑफिस गाद्यांच्या दुकानावर आहे आणि दुपारी त्या खिडकीतून इतकं ऊन येतं, की बाकी कोणी तिथे बसायला तयार नसतं. तिने ती जागा मागून घेतली होती. लोक ॲप उन्हात वापरतात, मग ते उन्हातच तपासायचं, असं तिचं म्हणणं. टेबलाच्या खणात जुने फोन होते, कोणाची काच तडकलेली, कोणाचा पडदा पिवळा पडलेला. आमच्या नव्या फोनवर झकास दिसणारा राखाडी रंग त्या फोनवर उन्हात धरला, की बटण गायबच व्हायचं. मग ती रंग थोडा गडद करायची. गडद झाला की बटण जागं वाटायला लागायचं. पुन्हा फिका. हे कितीतरी दिवस चालायचं. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, येता-जाता विचारायचे, “राखाडी झाला का?” आणि ती मान न वळवता सांगायची, “होतोय.”

दाबलेल्या बटणाचा शोध तर मी कधीच विसरणार नाही. आम्ही सगळे दाबलेलं बटण जरा गडद करून मोकळे व्हायचो. ती म्हणाली, “गडद झालेलं दिसतं कोणाला? वर तर अंगठा आहे!” खरंच, बटणाचा रंग बदलतो तो नेमका अंगठ्याखाली. दाबणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. मग तिने सगळ्यांचे अंगठे जमवायला सुरुवात केली. पार्सल देणारा आला की, “दादा, जरा अंगठा टेकवा इथे.” खालचे गाद्यावाले काका बिलाचं काहीतरी विचारायला वर आले, त्यांचाही अंगठा घेतला. काका बिचकले. “सही येते हो मला,” ते म्हणाले. ती म्हणाली, “काका, फोन हातात आला की आपण सगळेच अंगठेबहाद्दर.” काका हसत हसत अंगठा देऊन गेले. त्या उद्योगातून तिने बटणाच्या कडेबाहेर पसरणारी एक फिकट कड काढली. अंगठा कितीही जाडजूड असला तरी त्याच्याभोवती ती दिसतेच. आता आमच्या प्रत्येक ॲपमध्ये ती कड असते.

हे वेड तिच्याकडे आलं वडिलांकडून. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर कुठल्या कुठल्या इमारतींत जायची. बाबांचं एक म्हणणं होतं. लिफ्टचं बटण दाबल्यावर त्यात दिवा लागला, की माणूस शहाण्यासारखा उभा राहतो. दिवा नाही लागला, की तोच माणूस बटणाला ठोसे मारतो. “लिफ्ट तेवढ्याच वेळात येते गं,” ते सांगायचे, “फरक दिव्याचा.”

आता बाबांची मूत्रपिंडं थकली होती आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्यांना डायलिसिसला जावं लागायचं. ती आणि बाबा, घरात दोघंच. ती ऑफिसला निघाल्यावर बाबा डायलिसिस केंद्राला फोन करायचे आणि केंद्राची गाडी घरापाशी यायची. फोन उचलणाऱ्या बाई एकट्या होत्या आणि रुग्ण बरेच. फोन लागायचा नाही, लागला तर बाई वैतागलेल्या असायच्या. म्हणून केंद्राने ॲप करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम आमच्याकडे आलं. त्यात मुख्य बटण एकच, ‘गाडी बोलवा’. ॲप सुरू झालं की फोन बंद करायचा, असं केंद्राने ठरवलं होतं. म्हणजे त्या एका बटणावर सगळ्यांचं येणं-जाणं अवलंबून राहणार होतं. डायलिसिस चुकलं तर काय होतं, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. पाय सुजतात, धाप लागते. दोन पाळ्या चुकल्या तर जिवावर बेततं.

हे काम तिने जीव ओतून केलं. अडलं ते एकाच ठिकाणी. बटण कामात असताना त्यावर काय लिहायचं? आमच्याकडे आधीपासून ‘कृपया प्रतीक्षा करा’ असं होतं. लहान फोनवर ते बटणात मावायचं नाही आणि नुसतं ‘कृपया प्रतीक्षा’ उरायचं. बाबांनी घरी पाहिलं आणि विचारलं, “ही प्रतीक्षा कोण? नवीन नर्स का?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. ताईने तो शब्द काढला आणि लिहिलं, ‘थांबा’. साधा, रोजचा, आदराचा, आणि कुठल्याही फोनवर मावणारा. खुसपटने चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं आणि म्हणाला, “यात मला काही सापडत नाही.” त्याच्या तोंडून हे म्हणजे पदकच. ती दिवसभर खुशीत होती.

मग चाचणी सुरू झाली. काही रुग्णांना ॲप दिलं, त्यांत बाबाही होते. पहिले काही दिवस छान गेले. बाबा गाडीत बसले की तिला ॲपमधल्या हिरव्या खुणेचा फोटो पाठवायचे.

एका सकाळी आम्ही कामात असताना तिला शेजारच्या वहिनींचा फोन आला. “तुझे बाबा खाली जिन्याच्या पायरीवर बसलेत. मी बाजारात जाताना बसले होते, परत आले तरी बसलेत. वर चला म्हटलं तर हलत नाहीत.”

ताई उठली. तिचा चेहरा पाहून मीही बरोबर निघाले.

बाबा पायरीवर ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी, हातात फोन. पडद्यावर गोल रेघ फिरत होती आणि त्याखाली अक्षरं होती, ‘थांबा’.

“बाबा! गाडी नाही आली?”

“येईल. थांबा म्हणतंय.”

“कधीपासून म्हणतंय?”

“दाबलं तेव्हापासून.”

“मग केंद्राला फोन का नाही केलात? मला का नाही केलात?”

“आता कसा करणार?” बाबांना तिचा प्रश्नच कळेना. “हे मला थांब म्हणतंय. मध्येच दुसरीकडे बोट लावलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं तर?”

“अहो, थांबा म्हणजे जरासं...”

“जरासं कुठे लिहिलंय? थांबा म्हणजे थांबा. आणि रेघ फिरत होती की. काम चालू असल्याशिवाय कशाला फिरेल?”

तिने फोन हातात घेतला. जिन्याखाली इंटरनेट नव्हतं; एरवी बाबा वर घरातूनच दाबायचे. निरोप केंद्रापर्यंत गेलाच नव्हता. उत्तर येईपर्यंत बटणाने कामात राहायचं, असं आम्ही ठरवलं होतं. उत्तर आलंच नाही तर काय, हे आम्ही कोणीच ठरवलं नव्हतं. खिळा ठोकल्यासारखं ते बटण तिथेच राहिलं, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून बाबाही.

केंद्रात त्यांची खुर्ची दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती. दुसऱ्या दिवशीची मिळाली. संध्याकाळी बाबांच्या पायांना इतकी सूज आली की सपाताही चढेनात. ती त्यांच्या पायांखाली उशा रचत होती आणि ते तिलाच समजावत होते, “अगं, तुझं बटण दिसतं मात्र सुरेख.”

दुसऱ्या दिवशी बाबांना केंद्रात बसवून ती ऑफिसात आली ती थेट खुसपटच्या टेबलाशी. “चाचणीतल्या सगळ्यांना फोन कर. ‘थांबा’ वाचून कोणी काय केलं, एवढंच विचार.”

खुसपटने मनापासून चौकशी केली. एका आजींना वाटलं, गाडी थांबवायची असेल तर हे दाबायचं. त्यांना गाडी हवी होती, म्हणून त्यांनी त्याला हातही लावला नाही आणि फोन उशीखाली ठेवला. एक काका फोन घेऊन कोपऱ्यावरच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. गाडी तिथे येणार असं त्यांनी गृहीत धरलं. “थांबा लिहिलं होतं ना,” ते म्हणाले. खुसपट हे सांगताना हसत नव्हता. “ताई, एक शब्द आणि त्याचे इतके अर्थ. माझ्या नजरेतून सुटलं.”

“तुझ्या नाही,” ती म्हणाली. “शब्द मी लिहिला.”

सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “शब्द बदल आणि मोकळी हो. सोमवारी केंद्रात दाखवायचं आहे, त्यानंतर लगेच सुरू.”

“नुसता शब्द बदलून भागणार नाही सर. बटणाला अजून एक रूप लागेल. निरोप पोचला नाही, हे कबूल करणारं.”

“म्हणजे आपलं ॲप पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगणार, की मला जमलं नाही?”

“नाही जमलं तर सांगायला नको?”

“आणि सांगून पेशंट करणार काय?”

“पुन्हा दाबेल. नाहीतर केंद्राला फोन करेल. बटणाच्या खालीच ‘फोन करा’ ठेवायचं.”

सरांनी डोक्याला हात लावला. “बाई माझी! ज्या फोनची कटकट नको म्हणून ते ॲप घेताहेत, तो फोनच तू ॲपमध्ये घालतेस?”

“हो,” ती म्हणाली.

सर वाईट नाहीत. हे काम गेलं असतं तर आमच्यातल्या दोघा-तिघांना घरी बसावं लागलं असतं, आणि ते त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. तरी ती मागे हटली नाही. तिच्या या हट्टाचा आम्हालाही कधी कधी राग येतो, हेही खरं. तेव्हाही कोणीतरी पुटपुटलं, “आता सोमवार गेला.” तिने ऐकलं, आणि काम सुरू केलं.

त्या नव्या रूपाला आम्ही ‘कबुली’ म्हणायला लागलो. ते दिसावं कसं, हा पेच होता. लाल केलं तर आजारी माणूस घाबरेल. राखाडी केलं तर रुसलेलं वाटेल, कोणी दाबणारच नाही. ‘चूक झाली’ असं लिहून पाहिलं, तर बाबांनी लगेच विचारलं, “मी काय चूक केली?” तिने तो शब्द तिथल्या तिथे पुसला. शेवटी ठरलं ते असं: रंग जाग्या बटणाचाच, पण भोवती जाड चौकट. आधी फोन हातात थरथरणार, म्हणजे लक्ष जाईल. फिरणारी रेघ बंद. वर वाक्य, ‘निरोप पोचला नाही.’ बटणावर, ‘पुन्हा दाबा’. खाली, ‘फोन करा’. कामात असतानाचा शब्दही बदलला, ‘निरोप जातोय’. आणि ठरावीक वेळात उत्तर नाही आलं, तर बटणाने कबुली दिलीच पाहिजे, हा कोड मी लिहिला. त्या वेळेवरून आमचं भांडण झालं. मी जास्त मागत होते. ती म्हणाली, “तू आजारी पडून जिन्यात उभी राहून बघ.” मी वेळ कमी केला.

सोमवारी आम्ही केंद्रात गेलो. केंद्राच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, करड्या आवाजाच्या आणि घाईत असणाऱ्या. त्यांच्या खोलीच्या काचेपलीकडे खुर्च्यांची रांग होती, प्रत्येक खुर्चीशेजारी यंत्र, नळ्या, आणि पांघरूण घेऊन डोळे मिटलेली माणसं. सरांनी गाडीत ताईला बजावलं होतं, “बोलायचं मी. तू फक्त फोन धर.”

सर छान बोलले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “ठीक आहे. आजपासून फोन बंद करून टाकू?”

ताई उभी राहिली. “मॅडम, पाच मिनिटं खाली येता? तुमची गाडी पेशंटना उतरवते तिथे.”

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की मीच खुर्चीत आक्रसले. पण डॉक्टरीणबाई उठल्या.

खाली तळघराचा उतार होता. दोन रिकाम्या व्हीलचेअर, औषधाचा वास आणि इंटरनेटचा पत्ता नाही. ताईने त्यांच्या हातात एक जुना फोन दिला. त्यात पहिलंच ॲप होतं. “तुम्ही पेशंट आहात, घरी जायला गाडी हवी आहे. दाबा.”

त्यांनी दाबलं. रेघ फिरू लागली. ‘थांबा’.

आम्ही उभे राहिलो. सर रुमालाने मान पुसत होते. डॉक्टरीणबाईंनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं, मग पुन्हा पहिल्यावर. शेवटी त्या चिडल्या. “अहो, किती वेळ थांबायचं?”

“माझे बाबा सकाळभर थांबले, मॅडम,” ताई म्हणाली. “जिन्याच्या पायरीवर. तो शब्द मी लिहिला होता.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग वडिलांचं नाव विचारलं. ताईने सांगितलं. “खुर्ची दुसऱ्याला दिली होती ती त्यांची?” त्या म्हणाल्या. ताईने मान हलवली आणि दुसरा फोन पुढे केला. नव्या ॲपचं बटण दाबल्यावर ‘निरोप जातोय’ आलं, मग फोन थरथरला आणि त्याने कबुली दिली. डॉक्टरीणबाईंनी वाक्य वाचलं आणि खालच्या ‘फोन करा’वर बोट टेकवलं. इंटरनेट नसलं तरी फोन लागला. वरच्या मजल्यावरून फोनवाल्या बाईंचा वैतागलेला आवाज आला, “बोला, कुठे हवी गाडी?”

“कुठे नको. मीच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. सरांना त्या एवढंच म्हणाल्या, “हे दुसरं द्या. फोन राहील. आणि पुढच्या वेळी मला वर बसवून दाखवू नका.”

काम टिकलं. पुढे आठवडाभर सर ताईशी कामापुरतंच बोलायचे, आणि तीही त्यांच्याशी तेवढंच. पण नव्या मुलांना ॲप समजावताना सर आता ‘कबुली’ हा शब्द वापरतात, आपणच काढल्यासारखा. ताई ते ऐकते आणि गालात हसते.

ॲप सगळ्यांसाठी सुरू झालं त्या सकाळी ऑफिसात कोणी धड काम करत नव्हतं. बाबांचा डायलिसिसचा दिवस होता. ताई घरी राहायला तयार होती, बाबांनीच तिला पिटाळलं होतं. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?” तिने फोन समोर ठेवला होता आणि त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. तो वाजला. बाबा. तिने तो स्पीकरवर टाकला.

“अगं, तुझं बटण म्हणतंय, निरोप पोचला नाही.”

“मग पुन्हा दाबा ना बाबा.”

“दाबलं की. जिन्यातून जरा पुढे फाटकापाशी आलो आणि दाबलं. आता म्हणतंय, गाडी निघाली.”

खुसपटने माझ्या पाठीत धपका घातला. ताईने डोळे मिटले. “मग झालं की! मला कशाला फोन केलात?”

“म्हणजे काय? खाली लिहिलं होतं ना, फोन करा.”

“अहो, ते केंद्राला!”

“केंद्राला असं कुठे लिहिलंय? नुसतं फोन करा आहे. म्हटलं, ज्याअर्थी तू बनवलंयस, त्याअर्थी तुलाच करायचा असेल, म्हणून तुझा नंबर लावला.”

आम्ही सगळे हसायला लागलो. पलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग दार सरकल्याचा आवाज. “आली गं गाडी. ठेव आता, चढतोय,” बाबा म्हणाले आणि त्यांनीच फोन ठेवला.

ताई हसत नव्हती. तिने डोळे पुसले, खुर्ची पडद्याकडे ओढली आणि मला विचारलं, “सगळ्यात लहान फोनवर ‘केंद्राला फोन करा’ एका ओळीत मावेल का गं?”